मार्चचा पैसा, जूनचे पाणी

बेळगावात टिळकवाडीला वॅक्सिन डेपो नावाचे मोठे मैदान आहे. सकाळी फिरायला येणारी माणसे, क्रिकेट खेळणारी पोरे, अधूनमधून एखादी सभा किंवा प्रदर्शन, ही त्याची आजची ओळख. वर्गात मी दर वर्षी विचारायचो, 'हा डेपो कसला?' बहुतेक मुले बसचा डेपो म्हणायची. मग सांगायचो, की मुंबई इलाख्याच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इथे देवीची लस तयार व्हायला लागली. वासरांच्या अंगावर वाढवून काढलेली ती लस इथून गावोगाव जायची. तुमच्या आजीच्या दंडावर जो गोल व्रण दिसतो, तो देवीच्या लसीचा. 1977 मध्ये भारतातून देवी गेल्याचे जाहीर झाले, 1980 मध्ये सगळ्या जगातून. एवढे ऐकल्यावर कोणीतरी विचारायचेच, 'म्हणजे हे आपल्या बेळगावात होत होतं, सर?'

त्या प्रश्नातले आश्चर्य मला तीस वर्षे टोचत राहिले. इथल्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवले. मराठी शाळांतून पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला, येणारी मुले हुशार असतात, इंग्रजीशी झटापट करत का होईना, पुढे जातात. पण त्यांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसलेली असते. संशोधन बेंगळूरला होते, पुण्याला होते, अमेरिकेला होते. आपल्याकडे फक्त त्याचा माल येतो, औषध म्हणून, बियाणे म्हणून, मोबाइल म्हणून. ही समजूत मुलांनी घरून आणलेली नाही. आपला देश संशोधनाला ज्या रीतीने पैसा देतो, त्या रीतीतून ती रुजली आहे.

त्या रीतीबद्दल बोलण्याआधी एक आक्षेप. ज्यांचा मी मान ठेवतो अशा माणसांच्या तोंडून तो ऐकला आहे, म्हणून बाजूला सारता येत नाही. खानापूर तालुक्यातल्या जंगलातल्या गावांतून भर पावसात आजारी माणसाला खांद्यावर घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावे लागते. सरकारी शाळांची कौले गळतात, एकेक शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो. असे असताना प्रयोगशाळांवर कोट्यवधी रुपये कशाला? आधी रस्ता करा, शाळेचे छप्पर घाला, मग संशोधनाचे बघू. तरुणपणी मलाही हे पटायचे. माझे मत बदलले ते याच जिल्ह्यात झालेल्या एका कामामुळे.

बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही आणि बाई हातची जाते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने भावकीत कुठे ना कुठे ऐकलेले असते. मोठ्या दवाखान्यात ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. पण ते थंडाव्यात ठेवावे लागते आणि टोचायला शिकलेला हात लागतो. जिथे फ्रीज नाही, वीज तासन्‌तास नसते, बाळंतपण घरात किंवा उपकेंद्रात नर्सबाईच्या हातून होते, तिथे काय करायचे? मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी आहे. तिला फ्रीज लागत नाही, ती पाण्याबरोबर गिळता येते. पण अशा ठिकाणी ती खरेच उपयोगी पडते का, हे खात्रीने सांगायला कोणाकडे भक्कम आकडे नव्हते.

ते आकडे बेळगाव जिल्ह्याने दिले. सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 या काळात जिल्ह्यातल्या 4 प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत हा अभ्यास झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले डॉक्टर आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी यांनी तो आखला. बाळंतपणे केली, गोळी दिली, रक्त मोजले ते 25 नर्सबाईंनी. एकूण 1620 बाळंतिणी. साधारण निम्म्यांना औषधाची गोळी, उरलेल्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कोणाला कोणती मिळणार ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरलेले.

या सगळ्यात माझ्या मनात भरलेली वस्तू म्हणजे एक प्लास्टिकची पिशवी. रक्त किती गेले हे नजरेने सांगायला गेले की चूक होते. चादर भिजली म्हणजे किती? अर्धा पेला की अर्धा लिटर? म्हणून बाळंतिणीच्या खाली पसरायची प्लास्टिकची चादर, आणि तिच्या टोकाला खाली निमुळती होत गेलेली, मापाच्या रेघा मारलेली पिशवी. रक्त तिच्यात जमते, रेघ वाचायची, आकडा लिहायचा. आमच्या लॅबमध्ये मुले मेजरिंग सिलिंडर वाचतात तसे. विज्ञान म्हणजे कोट्यवधींचे यंत्र असा ज्यांचा समज आहे, त्यांना ती पिशवी मी एकदा हातात द्यायला हवी.

निकाल 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. औषधाची गोळी न घेतलेल्या बायांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्के होते, घेतलेल्यांत 6.4 टक्के. जीवावर बेतणारा तीव्र रक्तस्राव 1.2 टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांवर आला. 18 बायांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा त्याचा हिशेब. या आणि अशाच इतर अभ्यासांच्या आधारावर 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. रेघा मारलेली तशी पिशवी पुढे आफ्रिकेतल्या देशांतल्या मोठ्या अभ्यासांतही वापरली गेली.

खांद्यावरून आणल्या जाणाऱ्या त्या बाईला रस्ता हवाच, आणि तो आजच हवा. पण रस्ता होईपर्यंत नर्सबाईच्या पिशवीत काय असले तर तिचा जीव वाचेल, हे कोणीतरी शोधावे लागते. ते शोधायला पैसा लागतो. गरिबाला संशोधन परवडत नाही असे म्हणणाऱ्याने हे दोन्ही खर्च एकाच बाईसाठी आहेत, हे लक्षात घ्यावे.

आता तो पैसा कोणाचा होता ते पाहू. अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचा आणि गेट्स फाउंडेशनचा. त्यांचे ऋण मी मोकळ्या मनाने मानतो. पण बाया आपल्या, नर्सबाई आपल्या, डॉक्टर आपले, प्रश्न आपला, आणि तो विचारायचा की नाही हे ठरवणार सातासमुद्रापलीकडची समिती, ही अवस्था मला सहन होत नाही. त्या समितीला त्या वर्षी हा प्रश्न मोलाचा वाटला म्हणून काम झाले. नसता वाटला तर? मे 2025 मध्ये त्याच अमेरिकी संस्थेने परदेशातल्या भागीदारांना उपअनुदाने देण्याची जुनी पद्धत थांबवली. तिकडे सरकारचे मन फिरले की इकडे तालुक्यातला अभ्यास अडचणीत, असे परावलंबन आपण किती काळ चालवणार?

देशाचा हिशेब थोडक्यात सांगतो. 2020-21 मध्ये भारतात संशोधन आणि विकासावर सुमारे 1 लाख 27 हजार कोटी रुपये खर्च झाले. ऐकायला रक्कम मोठी, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के, म्हणजे शंभर रुपयांत 64 पैसे. 2008-09 मध्ये आपण याहून जास्त, 80 पैशांच्या वर घालत होतो. 2020-21 च्या सुमारास चीन शंभरात जवळपास अडीच रुपये घालत होता आणि दक्षिण कोरिया पावणेपाच. कोरिया श्रीमंत आहे म्हणून घालतो, असे म्हणणाऱ्यांनी त्यांची विज्ञान-तंत्रज्ञान संस्था 1966 मध्ये निघाली हे आठवावे. तेव्हा तो देश आपल्याच पंगतीला बसलेला होता.

आपल्या या खर्चातही राज्य सरकारांचा वाटा 6.7 टक्के आहे आणि उच्च शिक्षण संस्थांचा 8.8 टक्के. जिथे मुले शिकतात, जिथे विशी-पंचविशीतले डोके नवा प्रश्न विचारायला उत्सुक असते, तिथे शंभरातले नऊ रुपयेही पोचत नाहीत. आणि हे नऊ रुपये विद्यापीठांत वाटले जाताना आमच्यासारख्या जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या पदरात काय पडते, हे ज्यांनी लॅबची कपाटे उघडून पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

2023 मध्ये देशातल्या संशोधनाला पैसा देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला. पाच वर्षांत 50 हजार कोटी, त्यातले सुमारे 36 हजार कोटी सरकारबाहेरून, उद्योगांकडून आणि देणगीदारांकडून यावेत अशी कल्पना. 2025 मध्ये खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी 1 लाख कोटींचा निधी मंजूर झाला. दोन्हींचे मी स्वागत करतो. मोठ्या संस्थेने आसपासच्या विद्यापीठांना हाताशी धरून काम करावे, अशी योजनाही त्या फाउंडेशनने काढली आहे, तीही योग्य दिशेची आहे. पण उद्योग पैसा देईल तो उद्योगाच्या प्रश्नाला देईल, त्यात गैर काही नाही. एखाद्या नाल्याकाठच्या विहिरीचा प्रश्न कोणत्या कंपनीच्या ताळेबंदात बसणार?

पैशाइतकीच दुसरी गोष्ट लागते, ती म्हणजे मुदत. निपाणी, चिकोडी, अथणी भागातल्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा, 'लागण कुठली केलाय?' तो नाव सांगणार नाही, आकडा सांगेल. 'शहाऐंशी बत्तीस' नाहीतर 'दोनशे पासष्ट'. 86032 मधले 86 म्हणजे 1986 साल. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत त्या साली हे वाण निवडीत आले आणि लागणीसाठी प्रसारित झाले 2000 मध्ये. मधे 14 वर्षे. या 14 वर्षांत देशात राजीव गांधींपासून वाजपेयींपर्यंत 7 पंतप्रधान झाले. आघाड्या आल्या, मोडल्या, देशाचे सोने गहाण पडले. त्या सगळ्या काळात कोणीतरी दर हंगामाला तेच बेणे लावत होते, उसाची गोडी मोजत होते, काणी रोग पडला का बघत होते, वहीत लिहीत होते. दोनशे पासष्ट हे सातारा जिल्ह्यातल्या पाडेगावच्या केंद्राचे. ते केंद्र 1932 पासून काम करते आहे, कोइमतूरची संस्था 1912 पासून. आमच्या जिल्ह्यातल्या शिवारात जो पैसा उभा राहिला, लग्ने झाली, घरांना स्लॅब पडले, त्याच्या मुळाशी कोणाच्या तरी न चुकलेल्या पगाराची 14 वर्षे आहेत. आज कोणत्या निधी देणाऱ्याकडे 14 वर्षांचा अर्ज घेऊन जाता येते? तीन वर्षे म्हटले तरी कपाळावर आठी पडते.

माझा स्वतःचा अनुभव या उसाच्या नेमका उलट आहे.

बळ्ळारी नाला शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातून जातो. पावसाळ्यात तो फुगला की भाताच्या रोपांवरून पाणी जाते, आणि त्या पाण्यात शहराचे सांडपाणी असते. हेच ते शिवार, जिथल्या बेळगाव बासमतीच्या वासाबद्दल जुनी माणसे अजून डोळे मिटून बोलतात. आमच्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या सहकाऱ्याने आणि मी ठरवले, की नाल्याकाठच्या 12 विहिरींचे पाणी दोन वर्षे तपासायचे. वर्षातून चार वेळा, पावसाच्या तोंडाला, भर पावसात, सुगीला आणि उन्हाळ्यात. एका निधी देणाऱ्या संस्थेकडे अर्ज केला, जूनच्या पहिल्या पावसाला सुरुवात करता यावी म्हणून वर्षभर आधी.

पैसे आले फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. सोबत पत्र, की 31 मार्चपर्यंत खर्च करून विनियोग प्रमाणपत्र पाठवावे, शिल्लक रक्कम परत करावी. विहिरीत जूनचे पाणी मार्चमध्ये कुठून आणायचे? मार्चमध्ये यंत्र विकत घेता येते, म्हणून यंत्र घेतले. तीन कोटेशने, तुलनात्मक तक्ता, प्राचार्यांची सही, डेड स्टॉक रजिस्टरला नोंद. छान स्पेक्ट्रोफोटोमीटर आला, पाण्यात काय किती मिसळले आहे ते प्रकाशावरून मोजणारे यंत्र. पहिले वर्ष उत्साहात गेले. मुले सुट्टीच्या दिवशी सायकलवर बाटल्या घेऊन जायची, विहिरीवर खडूने नंबर टाकायची, बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहायची. डिग्रीची ती मुले पहिल्यांदा असे काहीतरी मोजत होती ज्याचे उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नव्हते. त्यांच्या चालण्या-बोलण्यात फरक पडलेला मी पाहिला.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये यंत्रातला ड्युटेरियमचा दिवा गेला. हा दिवा ठरावीक तास जळतो आणि संपतो. ते बिघडणे नसते, स्कूटरचे पेट्रोल संपावे तसे ते संपणे असते. पण आमच्या मंजूर अंदाजपत्रकात 'उपकरणे' हा एक हेड होता, 'रसायने' दुसरा, 'प्रवास' तिसरा. दिवा कोणत्या हेडात घालायचा? उपकरणांचा हेड पहिल्याच मार्चमध्ये संपलेला. एका हेडातले दुसऱ्यात वळवायला परवानगी हवी. पत्रे गेली, स्मरणपत्रे गेली, सुगी गेली, उन्हाळा गेला, प्रकल्पाची मुदत संपली. अंतिम अहवाल दिला आणि तो स्वीकारलाही गेला. वहीत पहिल्या वर्षाचे चारही रकाने भरलेले आहेत. दुसऱ्या वर्षाचा एकच. एवढ्यावरून पाणी बिघडत चालले आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि ठीक आहे असेही म्हणता येत नाही.

ही गोष्ट माझ्या एकट्याची असती तर इथे मांडली नसती. ज्या ज्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेलो, तिथे कपाटात असे एखादे यंत्र प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकलेले पाहिले. यंत्राला पैसा आहे. त्याच्या दिव्याला, गॅसच्या सिलिंडरला, ते चालवणाऱ्या माणसाला नाही. तंत्रज्ञ हा शब्द आपल्या निधीच्या भाषेत जवळजवळ नाहीच. चांगला लॅब टेक्निशियन पंधरा वर्षे एका जागी टिकला तर तो त्या यंत्राचे आयुष्य दुप्पट करतो, आणि दर वर्षी येणाऱ्या मुलांना जे शिकवतो ते आम्ही प्राध्यापक फळ्यावर शिकवू शकत नाही. अशी पदे निवृत्तीनंतर भरलीच जात नाहीत.

नियम थोडे सैल होत आहेत, हेही सांगायला हवे. 2024 मध्ये मान्यताप्राप्त संस्थांना मिळणाऱ्या संशोधन अनुदानांवरचा जीएसटी काढला. जून 2025 मध्ये केंद्राने शास्त्रीय साहित्य कोटेशनशिवाय घेण्याची मर्यादा 1 लाखावरून 2 लाखांवर नेली आणि सरकारी पोर्टलबाहेर खरेदीची मुभा दिली. 2023 पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना 37 हजार रुपये ठरले आहेत, आणि ही रक्कम वाईट नाही. मात्र ठरलेली रक्कम दर महिन्याला हातात पडली तर. खानापूर तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी पीएचडी करत होती. सहा महिने फेलोशिप आली नाही तेव्हा ती संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या घेऊन खोलीचे भाडे भरत होती. घरचे म्हणत होते, बँकेची परीक्षा दे. तिने दिली आणि ती पासही झाली. आज ती चांगल्या नोकरीत आहे, तिला दोष द्यायची माझी छाती नाही. तिच्या तीन वर्षांच्या कामाचे पुढे काय झाले, हे मात्र कोणीच विचारले नाही.

मग करायचे काय? मला सुचते ते या मातीतलेच आहे. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. 1975 मध्ये ऊस उत्पादकांनी आणि सहकारी कारखान्यांनी ती उभी केली, आणि सभासद कारखाने गाळपाच्या टनामागे वर्गणी देतात त्यावर ती चालते. दिल्लीच्या मार्चची वाट पाहायची गरज नाही. बेळगाव जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. दर कोटी टन गाळपाला टनामागे 1 रुपया बाजूला काढला तर 1 कोटी रुपये होतात. महिना 40 हजारांवर 5 तंत्रज्ञ नेमले तर वर्षाला 24 लाख. उरलेल्या 76 लाखांत किती दिवे येतात, किती बाटल्या, किती मुलांचा बसपास! उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांनी आपला वाटा घातला, तर त्यांना सतावणाऱ्या वापरलेल्या काळ्या वाळूचे काय करायचे, हा प्रश्नही याच छपराखाली घेता येईल. राज्य सरकारने यात तेवढीच भर घालावी आणि एकच अट मान्य करावी, की शिल्लक रक्कम 31 मार्चला परत जाणार नाही.

जागेची आणि माणसांची इथे वाण नाही. मच्छेला 1998 पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, 2010 पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, पारंपरिक औषधांवर काम करणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था आहे. लागते आहे ते सगळ्यांना उघडे असलेले एक दार. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली, तेव्हा तिच्या नावातच 'आंतरविद्यापीठ' हा शब्द होता. छोट्या गावातल्या कॉलेजचा शिक्षक सुट्टीत तिथे जाऊन काम करून येतो, ही तिची रीत. तसे उपकरणांचे एक केंद्र बेळगावला हवे. आज आमची एमएस्सीची मुले पुडीचा नमुना छोट्या बाटलीत घालून, रुमालात गुंडाळून, धारवाडला नाहीतर कोल्हापूरला बसने नेतात आणि आपला नंबर लागण्याची वाट बघतात.

धारवाड आणि कोल्हापूर ही नावे एका वाक्यात आली की आमच्याकडे लगेच सीमाप्रश्न उभा राहतो. मी मराठी माणूस आहे, सीमालढ्यात घोषणा दिल्या आहेत, मराठी शाळा टिकाव्यात, सरकारी कागद मराठीत मिळावेत यासाठी निवेदनांवर सह्या केल्या आहेत, पुढेही करीन. पण इतक्या निवेदनांत आपण कधी प्रयोगशाळा मागितली नाही, याची मला खंत आहे. मराठी शाळेतल्या पोरीला सूक्ष्मदर्शकातून स्वतःच्या गावच्या पाण्याचा थेंब बघता यावा, ही मागणी पाटीवरच्या अक्षरांइतकीच भाषेची मागणी आहे. ज्या भाषेत नवीन काही शोधले जात नाही, ती घरापुरती उरते.

ज्यांच्या नावाचे विद्यापीठ मच्छेला आहे, ते विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले. मग मुंबई इलाख्यात नोकरी केली. आपोआप उघडणारे त्यांचे पूरदरवाजे 1903 मध्ये खडकवासल्याच्या धरणाला बसले. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. म्हैसूरचा पैसा पुण्यात खर्च झाला म्हणून म्हैसूरचे काही नुकसान झाले नाही. आज कृष्णेला पूर आला की उगार, अंकली, सांगली, शिरोळ सगळी एकाच पाण्यात असतात, आणि वाद मात्र अलमट्टी धरणाची भिंत 519.60 मीटरवर राहावी की 524.256 वर न्यावी यावर दोन राज्यांचा. फुगवटा कुठवर येतो हा मोजण्याचा प्रश्न आहे. दोन्ही राज्यांतल्या कॉलेजांच्या मुलांनी दोन्ही काठांवर पट्ट्या लावून दहा पावसाळे पाणी मोजले आणि ते आकडे मराठीत व कन्नडमध्ये सगळ्यांसमोर ठेवले, तर पुराच्या दिवशी निदान एकाच आकड्यावर भांडता येईल. याला लागणारा खर्च एका पुराच्या पंचनाम्यांपुढे काहीच नाही.

मागच्या पावसाळ्यात येळ्ळूर रोडवर एक शेतकरी भेटले. आमच्या वहीत त्यांची विहीर 7 नंबरची. मी ओळखले नाही, त्यांनी ओळखले. 'सर, त्या पाण्याचं काय झालं हो पुढं?' दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. पहिल्या वर्षाचे आकडे वाचून दाखवले, प्रत्येकाचा अर्थ सांगितला. ते बोट ठेवून बघत होते. बोट दुसऱ्या वर्षाच्या मोकळ्या रकान्यांवर आले तेव्हा थांबले. मी दिव्याचे सांगितले. त्यांनी किंमत विचारली. तेव्हा वीस हजारांच्या घरात होती, म्हटले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'नाल्याकाठी दोनशे घरं हाईत आमची. घरटी शंभर काढून आमीच दिलो असतो की, सर. एक शब्द टाकायचं होतं.'